पाय मोडलेली घोडी, आणि होकार मी दिला

शिवारातली_पोर

नमस्कार सगळ्यांना. दोन वर्ष नुसतं वाचत होते इथं, घोड्यांच्या खुराकाचे, नालांचे धागे, पण लिहिलं कधी नाही. आज लिहितेय कारण घरात कुणाशी बोलता येत नाहीये.

आमची चांदणी गेली. मागच्या मंगळवारी पहाटे. मारवाडी घोडी होती, कुमैत रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदणी. अण्णांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली होती तीन वर्षांची असताना, दत्तजयंतीला गेले होते मित्राबरोबर नुसते बघायला आणि येताना टेम्पोत घोडी. आई महिनाभर बोलत नव्हती त्यांच्याशी आणि नंतर तीच रोज सकाळी भाकरीचा पहिला तुकडा चांदणीला द्यायची. आठ वर्ष झाली त्याला. दसऱ्याला तिची पूजा झाल्याशिवाय आमच्याकडं सोनं वाटत नाहीत.

झालं असं की त्या रात्री अण्णा लग्नाला गेले होते बाहेरगावी, घोड्यांचं सगळं माझ्याकडं होतं. दोन घोडे आहेत, चांदणी आणि बादल, बादल अडीच वर्षांचा आहे, तिच्या सोबतीनंच वाढलाय. मी खुराक टाकला, पाणी दाखवलं, अगाडी म्हणजे पुढचं दावं बांधलं. पिछाडी, म्हणजे मागच्या पायांचा दोर, नाही बांधली. उकडत होतं, ती सारखी पाय आपटत होती माशांनी, म्हटलं राहू दे आज मोकळी मागून. रात्री साडेबाराच्या सुमाराला शेजारच्या वस्तीवर वरात आली आणि त्यांनी फटाक्यांची मोठी माळ लावली. मी बाहेर येईपर्यंत दावं तुटलेलं. अंधारात टापा ऐकू आल्या आणि मग एक आवाज आला तो मला नाही लिहिता येणार.

पाइपलाइनसाठी चारी खोदलेली आहे वावरात, त्यात मागचा उजवा पाय गेला. बॅटरी मारली तर ती बाहेर येऊन उभी होती, तीन पायांवर, चौथा नुसता लोंबत होता. नळीचं हाड कातडीतून बाहेर आलेलं. घामानं निथळत होती पण ओरडली नाही, उलट मी जवळ गेले तर नेहमीसारखं फुरफुरली. मला काही सुचलं नाही, तोबऱ्यात चणे घेऊन गेले तर खाल्ले हो तिनं. म्हणून मला वाटलं ही वाचणार.

डॉक्टर अडीचला आले. बघितलं, पायाला हात लावला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ताई हे जोडलं जाणार नाही, तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायला लागेल, जेवढा वेळ जाईल तेवढे तिचे हाल. अण्णांना फोन लावला. ते काहीच बोलले नाहीत. मी म्हटलं अण्णा डॉक्टर असं म्हणतायत, काय करू, तर फक्त श्वास ऐकू येत होता. मग फोन कट झाला. परत लावला तर उचलला नाही. मग मीच हो म्हणाले डॉक्टरांना. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

आता आठ दिवस झालेत. अण्णा माझ्याशी बोलत नाहीत असं नाही, जेवायला वाढ म्हणतात, मोटर चालू कर म्हणतात, पण पागेकडं जात नाहीत, तिचं खोगीर ओट्यावर पडलंय तिथंच आहे. गावातले लोक येतात आणि म्हणतात प्लास्टर का नाही केलं, बैलाचं करतात की. एक जण तर म्हणाला खात्या जनावराला मारलं, पाप आहे. बादल तीन दिवस दिवसभर फेऱ्या मारत खिंकाळत होता, आता गप्प झालाय पण खुराक अर्धा टाकतो.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. खरंच काही करता आलं असतं का? पिछाडी बांधली असती तर वाचली असती का? आणि अण्णांशी कसं बोलू? खोटं बरं वाटेल असं नका लिहू, खरं काय ते सांगा.

पशुवैद्य_निवृत्त

पोरी, ३१ वर्ष सरकारी दवाखान्यात काढली, त्यातली बरीचशी घोडे असलेल्या भागात. तू खरं सांगा म्हणालीस म्हणून नीट सांगतो, थोडं लांब होईल.

तू जे वर्णन केलंस, मोठ्या घोड्याची नळी पूर्ण तुटलेली, हाड बाहेर आलेलं, जखमेत माती. याला आपल्याकडं शेतावर इलाज नाही. आणि जगात सगळ्यात चांगल्या ठिकाणीसुद्धा खात्री नाही. कारण काय ते समजून घे म्हणजे गावातल्या लोकांना पण सांगता येईल.

घोड्याच्या पायाला खाली मांस नसतं. हाड, शिरा आणि वर कातडी, बस. मांस नाही म्हणजे रक्तपुरवठा कमी, म्हणजे जखम भरायला अवघड आणि पू व्हायला सोपं. वजन साडेतीनशे चारशे किलो. ते हाड साध्या काडीसारखं एका जागी मोडत नाही, जोरात असताना मोडलं की त्याचे तुकडे होतात. आणि माणसाला जसं आपण तीन महिने खाटेवर झोपवतो तसं घोड्याला झोपवता येत नाही. तो दिवसातून दोन तीन तासच आडवा होतो, बाकी उभ्यानं डुलकी घेतो. बळजबरीनं आडवा ठेवला तर स्वतःच्याच वजनानं खालच्या अंगाचे स्नायू सडतात, फुप्फुसावर भार येतो, पोटाचं चक्र बिघडतं. म्हणजे त्याला उभंच राहावं लागतं, आणि तीन पायांवर उभा राहिला की चांगल्या पायाच्या खुराला मार बसतो. खुराच्या आत हाडाला भिंतीशी धरून ठेवणारे बारीक पापुद्रे असतात, पाय उचलला टेकवला की त्यांना रक्त मिळतं. एकाच पायावर दिवसरात्र भार राहिला की ते रक्त आटतं, पापुद्रे सुटतात आणि हाड खुरात खाली उतरतं. जे दुखणं होतं त्याची कल्पना करवत नाही.

अमेरिकेत बार्बारो नावाचा घोडा होता, २००६ ची केंटकी डर्बी जिंकलेला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० मे २००६ ला शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात ऑपरेशन झालं, धातूची पट्टी आणि २७ स्क्रू. भुलीतून उठताना धडपडून परत मोडू नये म्हणून त्याला पाण्याच्या तलावात तराफ्यावर शुद्धीवर आणलं. पैशाला तोटा नव्हता, डॉक्टर पहिल्या दर्जाचे. आणि मोडलेला पाय बरा होत असताना मागच्या डाव्या पायाच्या खुराला हेच दुखणं झालं, मग पुढच्या पायांनाही. २९ जानेवारी २००७ ला त्यांनी त्याला झोपवला. आठ महिने. मी तो केस पूर्ण फॉलो केला होता तेव्हा, कारण मला पण वाटायचं की आपल्याकडं सोयी नाहीत म्हणून घोडे जातात. सोयी नाहीत हे खरंच, पण तेवढंच कारण नाही.

आता चणे खाल्ल्याचं. हे तुला सगळ्यात जास्त टोचतंय असं वाटतं. घोडा हे शिकार होणारं जनावर आहे, कळपात जो दुखणं दाखवतो त्याला वाघ आधी धरतो. त्यामुळं तो दुखणं झाकतो. शिवाय मार लागल्यानंतर पहिले काही तास अंगात जी उत्तेजना असते त्यात वेदना पूर्ण पोचलेली नसते. मोडक्या पायानं गवत खाणारे घोडे मी स्वतः बघितलेत. ते खाणं म्हणजे बरं वाटण्याची खूण नाही. आणि तुझ्या हातून ती रोज खायची म्हणून खाल्लं.

बैलाचं प्लास्टर करतात हे बरोबर आहे, बैल निवांत बसून रवंथ करतो, दिवसेंदिवस बसून राहू शकतो, स्वभावानं थंड. घोडा तसा नाही. लहान शिंगराचं हाड कधी जुळतं, तडा गेलेलं जुळतं, खुराजवळची काही मोडणं जुळतात. तुमचं त्यातलं नव्हतं.

आणि पापाचं म्हणशील तर आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात कलम १३ आहे, जबर जखमी जनावर जिवंत ठेवणं हेच क्रूरपणाचं असेल तर त्याचा अंत करण्याची तरतूद त्यात आहे. तुमच्या डॉक्टरांनी रात्री अडीचला येऊन बरोबर केलं. तू पण.

माळावरचा_राजा

डॉक्टरसाहेबांचा मान ठेवून बोलतो पण मला नाही पटत. आमच्याकडं हाडवैद्य आहेत, बांबूच्या कांब्या बांधून आणि झाडपाल्याचा लेप लावून गाई म्हशी उभ्या केल्यात. डॉक्टर लोक लगेच इंजेक्शन काढतात. निदान आठ पंधरा दिवस बघायला पाहिजे होतं, मालक घरी नसताना एवढा निर्णय नको होता घ्यायला. ताईंना दुखवायचं नाही पण मनात आलं ते लिहिलं.

घोडनदी_काठ

राजाभाऊ, तुमचं मन चांगलंय हे कळतंय, तुम्हाला जनावराची कणव आहे म्हणूनच बोलताय. पण तुम्ही म्हणता ते मी करून बघितलंय, म्हणून हे लिहितो. आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

माझा सुलतान. काठेवाडी, नऊ वर्षांचा, पांढराशुभ्र. ट्रॉलीतून उतरवताना फळीवरून घसरला आणि पुढचा डावा पाय फळी आणि ट्रॉलीच्या फटीत अडकून नळी मोडली. कातडी फुटलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले झोपवा, मी म्हटलं माझ्या दारात नाही. हाडवैद्य आणला, कांब्या बांधल्या, झाडाला दोर बांधून पोटाखालून पट्टे घालून त्याला अर्धा लोंबता ठेवला. लोक बघायला यायचे, कौतुक करायचे, काय जीव लावलाय म्हणायचे. मला पण छाती फुगल्यासारखं व्हायचं.

३८ दिवस ठेवला.

पहिले दहा बारा दिवस बरे गेले. मग पट्ट्याखाली छातीला जखमा झाल्या, त्यात माश्या, रोज दोनदा धुवायच्या. तो पाय सुजून डेऱ्याएवढा झाला. आणि विसाव्या बाविसाव्या दिवसापासून उजवा पाय, जो चांगला होता, तो टेकवेना. डॉक्टर सांगतायत ना ते खुराचं, तेच. तो एक पाय उचलायचा आणि मग दुसरा उचलायला जायचा आणि पट्ट्यात लोंबायचा, आणि रात्रभर दात खायचा. कर्रर्र कर्रर्र. आमच्या घरात लहान पोरं होती, ती त्या आवाजानं झोपायची नाहीत. खायचं बंद केलं शेवटचे सहा दिवस. मी जवळ गेलो की पूर्वी कान पुढं करायचा, शेवटी शेवटी मान फिरवून घ्यायचा. मला तेच आठवतं आता. नऊ वर्ष तो घोडा माझ्याकडं धावत आला आणि शेवटच्या आठवड्यात त्यानं तोंड फिरवलं. ३९ व्या दिवशी मीच डॉक्टरला बोलवलं, त्यांनी एक शब्द मला बोलून दाखवला नाही त्याबद्दल त्यांचे उपकार.

ताई, तुमच्या चांदणीनं शेवटचे चणे तुमच्या हातून खाल्ले आणि डोकं मांडीवर ठेवून गेली. मला तसं करता आलं असतं तर मी काय वाट्टेल ते दिलं असतं. तुम्ही अडीच तीन तासात जे केलं ते मला करायला ३८ दिवस लागले आणि त्या ३८ दिवसांचं भाडं सुलताननं भरलं.

माळावरचा_राजा

ताई माफ करा. घोडनदीवाले दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून गलबलून आलं. मी घोडा कधी पाळलेला नाही, म्हशीच पाळल्यात. नको होतं बोलायला.

जुना_सवार

मी पिछाडीचं तेवढं सांगतो, बाकी वरच्यांनी सांगितलंय.

जयपूरला लष्कराच्या घोडदळात, ६१ कॅव्हलरीत होतो १७ वर्ष, मराठा स्क्वाड्रन. तिथं शंभरावर घोडे एका ओळीत बांधलेले असायचे, अगाडी पिछाडी रोजचं काम. आवाजाला घाबरलेला घोडा मागून बांधलेला असेल तर काय करतो हे मी बघितलंय. तो आधी पुढं झेप घेतो, मागचे पाय अडकतात, मग बसतो किंवा आडवा पडतो, आणि पडल्यावर त्याच दोरात पाय गुंतवून धडपडतो. दोरानं पिछाडी कापलेले, खुंटा उपटून पोटात घुसलेले, कमरेत गेलेले, सगळं बघितलंय. पिछाडी बांधलेली असती तर कदाचित वाचली असती, कदाचित तिथंच कंबर मोडून पडली असती. हे कुणालाच सांगता येणार नाही आणि जो छातीठोक सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. उन्हाळ्याच्या रात्री माशा चावतायत म्हणून घोडीला मागून सैल ठेवणं ही हयगय नाही, मी पण ठेवलं असतं.

आता कामाचं. ती चारी आजच्या आज बुजवा नाहीतर भोवती काट्या लावा. बादलला फटाक्याच्या दिवसात उघड्यावर बांधू नका, चार भिंतीत मोकळा सोडा, कोपऱ्यात गवत भरपूर, आणि कुणीतरी माणूस जवळ बसलेलं असू द्या. माणसाचा आवाज ऐकला की घोडा अर्धा शांत होतो.

आणि एक. वडिलांनी फोन ठेवला म्हणजे तुमच्यावर सोडलं. आमच्याकडं रिसालदार होते, तीस वर्षांची नोकरी, शेकडो घोडे हाताखालून गेलेले, पण स्वतःच्या घोड्याची वेळ आली तेव्हा तंबूच्या मागं जाऊन उभे राहिले. हुकूम दुसऱ्यानं दिला. त्या दुसऱ्यावर ते कधी रागावले नाहीत, पण पुढं महिनाभर त्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही. लाज वाटत होती त्यांना स्वतःची.

लाल_मातीवाला

ताई मी माथेरानचा, आमच्या घरात आजोबांपासून घोड्यांचा धंदा. दस्तुरी नाक्याच्या पुढं खासगी गाड्या नाहीत त्यामुळं घोड्यावरच घर चालतं, आणि डोंगरउतार, पावसाळ्यात शेवाळ, म्हणजे पाय घसरणं आम्हाला नवीन नाही. माझ्या वडिलांची दोन जनावरं अशी गेलीत, एक माझ्या डोळ्यासमोर.

बादलबद्दल विचारलं नाहीस नीट पण मला त्याचीच काळजी वाटली. एक सांग, चांदणीला पुरायच्या आधी त्याला दाखवलं होतं का? आम्ही दाखवतो. जोडीच्या घोड्याला जवळ नेतो, तो वास घेतो, नाकानं ढकलतो, कधी तासभर उभा राहतो आणि मग आपला आपण बाजूला होऊन चरायला लागतो. ज्याला दाखवलं नाही तो शोधत राहतो. दाखवलं नसेल तर आता काही करता येत नाही, पण तिचा खोगीराखालचा नमदा असेल घामाचा वास असलेला तर तो लगेच धुवू नको, त्याच्या जवळ टांगून ठेव थोडे दिवस. आमच्या म्हाताऱ्यांची पद्धत आहे, मी दोनदा बघितलीय उपयोगी पडलेली.

खुराक अर्धा खातोय ते चालेल, पण लीद टाकतोय का आणि पाणी पितोय का हे रोज बघ. लीद बंद झाली किंवा पोटाकडं वळून बघायला लागला, लोळायला लागला तर एक तासही थांबू नको, डॉक्टर बोलव, घोड्याचा पोटशूळ जिवावर बेततो. भरडा कमी कर, ओली लसूणघास मिळाली तर दे, हातानं दे. आणि सोबत पाहिजे त्याला. घोडा लगेच आणू नका, घाईत आणलेलं जनावर दुःखात नीट बघितलं जात नाही. एक शेळी बांध शेजारी. हसू नको, रेसच्या तबेल्यातसुद्धा घाबरट घोड्याजवळ बकरी ठेवतात, ही जुनी पद्धत आहे.

अण्णांचं. माझे वडील पहिल्या वेळी दोन महिने तबेल्यात गेले नाहीत. आई रोज म्हणायची जा, मी म्हणायचो जा, नाही गेले. मग एक दिवस आमचा नालबंद आला आणि घोडा धरायला कुणी नव्हतं. मी शाळेत, आई नळावर. नालबंदानं हाक मारली, अहो मालक धरा की जरा, आणि ते उठले. त्यांना कुणी समजावायला नको होतं, काम पाहिजे होतं. तुला वडिलांशी बोलायचंय तर समोर बसून बोलू नको, हाताला काहीतरी लावून बोल. आपल्याकडचे बाप असेच असतात, समोरासमोर नाही बोलत.

शिवारातली_पोर

सगळ्यांचं वाचलं, तीन चार वेळा वाचलं. घोडनदीवाले दादा, तुम्ही सुलतानचं लिहिलंत त्यासाठी काय बोलू. राजाभाऊ, मला राग आला होता पहिल्यांदा खरं सांगते, पण तुम्ही विचारलं नसतं तर दादांनी ते लिहिलं नसतं, त्यामुळं मनात काही नाही.

लाल मातीवाले दादा, बादलला दाखवलं नव्हतं. सकाळी सातला जेसीबी आला आणि आंब्याच्या खाली खड्डा घेतला, मला वाटलं त्यानं बघू नये म्हणून त्याला उलट मागच्या गोठ्यात नेऊन बांधलं होतं. मला माहीत असतं तर. नमदा टांगलाय. त्यानं दिवसभर तिथंच तोंड लावून ठेवलं, दुसऱ्या दिवशी कमी, आणि काल संध्याकाळी खुराक पूर्ण संपवला. शेळी मामाकडून आणली, ती त्याच्या पायात लोळते आणि तो काही करत नाही.

काल नालबंद येणार होता. मुद्दाम नाही, त्याचा वारच होता. बादलला नाल मारताना कायम चांदणी शेजारी उभी असायची, तो तिच्या मानेवर तोंड टेकून पाय द्यायचा, त्याशिवाय दिलाच नाही कधी. मी धरला तर मागं सरायला लागला, नालबंद म्हणाला ताई असा नाही जमायचा. मी अण्णांना हाक नाही मारली. पण ते ओट्यावरून बघत होते. आले. माझ्या हातातून दोर घेतला आणि त्याच्या मानेवर हात ठेवून हळूहळू बोलायला लागले. बादलशी बोलत होते ते. म्हणाले, मी नव्हतो रे, मी असतो तर मला नसतं जमलं, बरं झालं ताई होती. मी तिथंच पाय धरून बसले होते, नालबंद गप्प, चारही नाल होईपर्यंत अण्णा बोलत राहिले. चांदणी टेम्पोत चढायला कशी तयार नव्हती, नर्मदेच्या परिक्रमेवाल्या कुणी बाईनं तिला गूळ दिला होता, मला माहीतच नव्हतं यातलं काही.

संध्याकाळी खोगीर त्यांनीच उचललं. पुसलं, तेल लावलं आणि आत खुंटीला ठेवलं. मला म्हणाले चारी बुजवायला माणूस सांगितलाय.

आता एकच विचारायचंय. जिथं पुरलंय तिथं अण्णांना दगडी पार बांधायचाय छोटा, पावसाळ्याच्या आत. चालेल का?

पशुवैद्य_निवृत्त

यंदा नको बांधू. एवढ्या मोठ्या जनावराचा खड्डा पहिल्या पावसात हमखास खचतो, पार तडकेल आणि अण्णांना परत त्रास. शिवाय इंजेक्शन दिलेलं जनावर आहे, कुत्र्यांनी उकरता कामा नये, त्यासाठी वर निदान चार साडेचार फूट माती पाहिजे. किती घेतला होता खड्डा ते जेसीबीवाल्याला विचार. कमी वाटलं तर आत्ताच वर माती चढवून घे आणि बाभळीच्या काट्या पसर. दोन ट्रॉली मुरूम बाजूला टाकून ठेव, जसं खचेल तसं भरत जायचं. विहीर जवळ नाही ना, ते पण बघ. पार पुढच्या वर्षी, माती बसल्यावर.

शिवारातली_पोर

विहीर लांब आहे, वरच्या अंगाला. खड्डा आठ फूट घेतला होता, अण्णांनीच फोनवरून सांगितलं होतं जेसीबीवाल्याला, हे मला आज कळलं. मुरूम उद्या सांगते.